दिवस मोजा, मगच तारीख ठरवा

आठव्या महिन्याची सोनोग्राफी झाली की गर्भवतीच्या घरचे डॉक्टरांना एक प्रश्न हमखास विचारतात, ‘बाळाची फुप्फुसे तयार झाली का?’ वाशिम, रिसोड, कारंजा, कुठल्याही गावच्या सोनोग्राफी केंद्राबाहेर हा प्रश्न ऐकू येतो आणि तो रास्तही आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे पहिले संकट श्वासाचे असते, हे आता तांड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचले आहे. पण सोनोग्राफीच्या पडद्याकडे पाहून या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे पक्के उत्तर देता येते, ही समजूत चुकीची आहे. त्या समजुतीवर विसंबून सिझेरियनची तारीख ठरली, तर त्याची किंमत बाळ मोजते. फुप्फुसांविषयी सोनोग्राफी सर्वांत उपयोगाची गोष्ट सांगते ती आठव्या महिन्यात नव्हे, तर तिसऱ्या महिन्यात. वाशिमसारख्या जिल्ह्यात नेमकी तीच सोनोग्राफी अनेकदा राहून जाते.

आधी फुप्फुसांचे काम समजून घेऊ. गर्भात असताना बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. बाळाला लागणारा प्राणवायू वारेतून, नाळेवाटे येतो. जन्मताच हा पुरवठा थांबतो आणि फुप्फुसांतल्या लक्षावधी सूक्ष्म पिशव्यांना काही क्षणांत हवेने फुगावे लागते. या पिशव्या आतून ओल्या असतात. ओली प्लास्टिकची पिशवी जशी आतून चिकटून बसते आणि उघडायला जड जाते, तसेच त्यांचेही होते. हे चिकटणे टाळण्यासाठी फुप्फुसातील विशिष्ट पेशी एक साबणासारखा स्निग्ध पदार्थ तयार करतात. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. साधारण २४ व्या आठवड्याच्या सुमारास तो तयार होऊ लागतो आणि बहुतेक बाळांत ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाच्या पिशव्या प्रत्येक श्वासानंतर पुन्हा मिटतात. बाळ कण्हते, बरगड्या आत ओढल्या जातात, अंग निळसर पडते आणि काही तासांत ते थकून जाते.

‘सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ हे अनेक घरांत ऐकू येणारे वाक्य त्यामुळे साफ खोटे आहे. आठव्या महिन्यातल्या बाळाची फुप्फुसे सातव्यातल्या बाळापेक्षा नेहमीच अधिक तयार असतात. गर्भात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडतो. या गैरसमजापायी आठव्या महिन्यात कळा आलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला उशीर होत असेल, तर तो म्हातारीकोतारींचा निरुपद्रवी समज राहत नाही.

सरफॅक्टंटची कमतरता हेच या आजाराचे मूळ आहे, हे १९५९ मध्ये अमेरिकेतील डॉ. मेरी एलेन एव्हरी आणि डॉ. जेरे मीड यांनी दाखवले. पण उपाय हाती यायला वेळ लागला. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन २ किलोहून थोडे अधिक होते. जगातील सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षाचे ते मूल ३९ तासांत श्वासाअभावी गेले. आज त्याच वयाचे, त्याच वजनाचे बाळ जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातही बहुधा वाचते. हे घडवून आणणारा एक मोठा शोध न्यूझीलंडमधला. मेंढीच्या गर्भातील कोकरांवर प्रयोग करताना डॉ. ग्रॅहम लिगिन्स यांना दिसले, की स्टेरॉइड मिळालेली कोकरे वेळेआधी जन्मूनही अपेक्षेपेक्षा जास्त वेळ श्वास घेतात. त्यावरून त्यांनी आणि डॉ. रॉस हॉवी यांनी मातांवर चाचणी केली आणि १९७२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वेळेआधी प्रसूती होण्याची शक्यता असलेल्या आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, तर बाळाच्या फुप्फुसांची तयारी वेगाने होते, हे सिद्ध झाले.

याच काळात फुप्फुसे तयार आहेत की नाहीत हे जन्माआधी ओळखण्याची धडपडही सुरू होती. १९७१ मध्ये डॉ. लुईस ग्लक आणि सहकाऱ्यांनी पोटातून सुई घालून काढलेल्या गर्भजलातील दोन स्निग्ध पदार्थांचे प्रमाण मोजण्याची पद्धत दिली. ती बरीच वर्षे वापरात होती, पण सुई म्हणजे जोखीम आलीच. मग सुईविना, सोनोग्राफीने हेच कळेल का, हा शोध सुरू झाला. १९७९ मध्ये ग्रॅनम आणि सहकाऱ्यांनी वारेची प्रतवारी मांडली. वार ‘थर्ड ग्रेड’ दिसली की फुप्फुसे तयार, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या अभ्यासांत तो टिकला नाही. वार लवकर ‘पिकलेली’ दिसूनही फुप्फुसे कच्ची असू शकतात. मांडीच्या हाडाच्या टोकाशी दिसणारा अस्थीचा ठिपका, डोक्याची रुंदी, फुप्फुस आणि यकृत यांच्या करड्या छटांची तुलना, फुप्फुसाच्या धमनीतील रक्तप्रवाहाचे डॉप्लर मोजमाप असे अनेक मार्ग चोखाळून झाले.

सर्वांत नवा प्रयत्न संगणकाचा. फुप्फुसाच्या सोनोग्राफी चित्रातील डोळ्यांना न दिसणारी पोताची सूक्ष्म भिन्नता संगणक वाचतो आणि श्वासाच्या त्रासाची शक्यता सांगतो. बार्सिलोनातील संशोधकांनी अशी प्रणाली तयार केली आणि अनेक देशांतील केंद्रांवर तिची चाचणी घेतली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, पुढे श्वासाचा त्रास झालेल्या दर चार बाळांपैकी साधारण तीन बाळे प्रणालीने आधी ओळखली. सुई न टोचता एवढे साधणे ही मोठीच प्रगती. पण चौथे बाळ सुटले, हेही त्याच आकड्यात आहे. ‘सगळे ठीक’ म्हणून ज्याचा जन्म आधी घडवून आणला, ते हे चौथे बाळ असू शकते.

मर्यादा मुळातच आहे. सोनोग्राफी ध्वनिलहरींनी अवयवाचा आकार आणि पोत दाखवते. सरफॅक्टंट हा रेणूंचा पातळ थर असतो, तो पडद्यावर दिसत नाही. दिसतात त्या त्याच्या आसपासच्या खुणा. त्यात मधुमेह असलेल्या आईच्या बाळात फुप्फुसांची तयारी उशिरा होऊ शकते. बाळ अंगाने चांगले भरलेले दिसते, पण श्वासाला कच्चे निघते.

वैद्यकशास्त्राने या सगळ्यातून काढलेला निष्कर्ष साधा आहे. रक्तदाब धोकादायक पातळीवर गेला असेल, रक्तस्राव होत असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, तर फुप्फुसे कच्ची असली तरी प्रसूती करावीच लागते. ‘तयार नाहीत’ असा अहवाल आला म्हणून थांबता येत नाही. उलट आई आणि बाळ दोघेही सुखरूप असतील, तर ‘तयार आहेत’ असा अहवाल हे बाळाला आधी बाहेर काढण्याचे कारण होऊ शकत नाही. फुप्फुसांसोबत मेंदू, यकृत, दूध ओढण्याची ताकद, अंगातली ऊब टिकवण्याची क्षमता हेही तयार व्हायचे असते. म्हणूनच अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयानेही फुप्फुसांच्या चाचणीवरून प्रसूतीची वेळ ठरवू नये, अशी भूमिका घेतली आहे. गर्भाचे वय नक्की माहीत असेल, तर ते वयच पुरेसे मार्गदर्शक असते.

सगळे येऊन ठेपते ते या ‘नक्की माहीत’ शब्दांवर. आजीचा ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा हिशेब आणि डॉक्टरांचा २८० दिवसांचा हिशेब यांत फारसे अंतर नाही. अडचण आहे ती मोजणी कुठून सुरू करायची याची. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस अनेकींना आठवत नाही. ‘पोळ्याच्या आधी’, ‘आखाजीच्या आसपास’ असे सांगितले जाते. कुणाची पाळी अनियमित असते, कुणाला अंगावर पाजत असताना पाळी न येताच दिवस गेलेले असतात. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत दवाखान्याची फेरी पुढे ढकलली जाते. हंगामी कामासाठी बाहेर गेलेली बाई गावी परतते तेव्हा पाचवा-सहावा महिना लागलेला असतो.

तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी ही अडचण सोडवते. त्या वयात सगळी बाळे जवळपास सारख्याच वेगाने वाढतात. त्यामुळे डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय सांगितले, तर चूक पाच ते सात दिवसांपलीकडे सहसा जात नाही. पाचव्या महिन्यात ही चूक दहा दिवसांपर्यंत जाते. २८ आठवड्यांनंतर पहिल्यांदाच सोनोग्राफी झाली, तर तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो. कारण तोवर काही बाळे आईच्या पोषणानुसार आणि आजारानुसार बारीक राहिलेली असतात, तर काही अंगाने मोठी झालेली असतात. यंत्र मोजते ते बाळाचे माप. त्यावरून वय सांगणे हा अंदाज असतो.

तीन आठवडे म्हणजे किती, हे एका उदाहरणाने लक्षात येईल. रक्तक्षय असलेल्या, वजन कमी असलेल्या आईचे बाळ ३५ आठवड्यांचे असूनही मापाने ३२ चे दिसते. उलट मधुमेह असलेल्या आईचे ३५ आठवड्यांचे बाळ मापाने ३७-३८ चे दिसते. पहिल्या बाईला गरज नसताना स्टेरॉइडची इंजेक्शने मिळतील आणि तिच्या बाळाची खरी अडचण, म्हणजे खुंटलेली वाढ, नजरेआड होईल. दुसरीला ‘दिवस भरले’ म्हणून सिझेरियनसाठी घेतले जाईल आणि बाळ पेटीत जाईल. दोन्हीकडे यंत्र चांगले होते, डॉक्टरही चांगले होते. नव्हता तो तिसऱ्या महिन्यातला कागद.

दिवसांच्या हिशेबाला किती महत्त्व आहे, याचा धडा विदर्भाच्या दाराशीच मिळालेला आहे. वेळेआधी प्रसूतीची शक्यता असलेल्या मातांना गावपातळीवरच स्टेरॉइड द्यायचे, अशी एक मोठी चाचणी सहा देशांत झाली. भारतातील तिची केंद्रे नागपूर आणि बेळगाव ही होती. सुमारे एक लाख जन्मांचा त्यात समावेश होता. पाळीची तारीख माहीत नसेल तिथे पोटाची उंची टेपने मोजून गर्भाचे वय ठरवले गेले. ‘लॅन्सेट’ मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष धक्का देणारे होते. ज्या भागांत हा कार्यक्रम राबवला तिथे दर हजार जिवंत जन्मांमागे २७.४ नवजात बालके दगावली, तर इतर भागांत २३.९. हे आकडे सर्व देशांचे मिळून आहेत. मातांमधील संसर्गाची शंकाही वाढलेली आढळली. ज्यांना इंजेक्शन मिळाले त्यांपैकी बहुतेकींची बाळे मुळात फार लहान नव्हतीच.

त्याच गटातल्या औषधाची दुसरी चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरियातील रुग्णालयांत घेतली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. या वेळी गर्भाचे वय सोनोग्राफीने ठरवलेले होते, माता २६ ते ३३ आठवड्यांच्या होत्या आणि नवजात बाळाच्या उपचाराची सोय जागेवर होती. नवजात मृत्यूंचे प्रमाण औषध न मिळालेल्या गटात २३.५ टक्के, तर औषध मिळालेल्या गटात १९.६ टक्के राहिले. म्हणजे दर २५ मातांमागे साधारण एक बाळ जास्त वाचले. दोन चाचण्यांमध्ये रुग्णालयाच्या सोयींचाही फरक होता. पण स्वस्तातले औषध कधी तारते आणि कधी बाधते, हे ठरवण्यात दिवसांच्या अचूक मोजणीचा वाटा मोठा आहे, हे दोन्ही निकाल शेजारी ठेवले की कळते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्येच २४ ते ३४ आठवड्यांदरम्यान वेळेआधी कळा सुरू झालेल्या मातेसाठी डेक्सामेथासोनची मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने १२-१२ तासांनी द्यायची. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस आरोग्यसेविकेने द्यावा, अशी तरतूदही आहे. हा निर्णय योग्यच. पण उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने ३४ आठवडे झाले की नाही हे ठरवायचे कशावरून? तिच्या हाती माता-बाल संरक्षण कार्ड असते. त्यावर लवकरच्या सोनोग्राफीची तारीख नसेल, तर तिलाही टेप घेऊन अंदाजच बांधावा लागतो.

दुसऱ्या टोकाला आहे शहरी आणि निमशहरी घरांतील मुहूर्ताची हौस. पंचांग पाहून, कुणाच्या सुट्टीच्या सोयीने किंवा ‘आता फुप्फुसे तयार आहेत’ या भरवशावर ३७ व्या आठवड्यातच सिझेरियन उरकण्याचा आग्रह धरला जातो. अमेरिकेत ठरवून केलेल्या, आधी सिझेरियन झालेल्या मातांच्या १३ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळांपैकी ८ टक्क्यांना श्वासाचा त्रास, साखर उतरणे, संसर्ग, अतिदक्षता कक्षात दाखल होणे यांपैकी काही ना काही झाले. ३८ व्या आठवड्यात हे प्रमाण ११ टक्के आणि ३७ व्या आठवड्यात १५ टक्के होते. आई-बाळाला धोका नसताना दोन आठवड्यांच्या घाईने त्रास जवळपास दुप्पट होतो. चांगल्या घटकेला जन्मून बाळ पाच दिवस पेटीत राहणार असेल, तर तो मुहूर्त कोणासाठी होता, हे घरच्यांनी स्वतःला विचारावे.

लवकरच्या सोनोग्राफीचा आग्रह धरताना महाराष्ट्राला एक जुनी जखम आठवणारच. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये याच राज्याने केला, त्यानंतर १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही २०११ च्या जनगणनेत वाशिमसह अनेक जिल्ह्यांत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या ९०० च्या खाली गेलेली दिसली. त्यामुळे नोंदणीकृत केंद्रे, ‘एफ’ फॉर्म आणि तपासण्या यांत ढिलाई नकोच. पण कायद्याची भीती गर्भाचे वय मोजण्याच्या आड येण्याचे कारण नाही. ‘एफ’ फॉर्ममधील कारणांच्या यादीत गर्भाचे वय ठरवणे हे कारण नोंदवलेले आहेच. शिवाय नवव्या-दहाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत गर्भाचे लिंग ओळखता येत नाही. आठव्या महिन्याच्या सोनोग्राफ्या वाढवण्यापेक्षा तिसऱ्या महिन्याची एक सोनोग्राफी प्रत्येकीला मिळणे कायद्याच्याही हिताचे आणि बाळाच्याही.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके, २०११ च्या गणनेत सुमारे १२ लाख लोकसंख्या आणि त्यातील बहुतांश खेड्यांत. २०१८ मध्ये नीती आयोगाने महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ ठरवले, त्यांत वाशिम होता. २०२४ मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी गंभीर बाळासाठी अकोल्याचा सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता हाच बहुतेकांचा आधार होता. महाविद्यालय आल्याने आता नवी यंत्रे येतील, उद्या फुप्फुसांचा पोत वाचणारे संगणकही येतील. त्यांचे स्वागत व्हावे. पण पैसा आणि मनुष्यबळ आधी कुठे लावायचे, हे ठरवताना क्रम चुकू नये.

पहिले काम म्हणजे १२ आठवड्यांच्या आत नोंदणी झालेल्या प्रत्येक गर्भवतीची १४ आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी. उशिरा आलेल्यांची किमान २४ आठवड्यांपूर्वी, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या शिफारशीप्रमाणे. दर महिन्याच्या ९ तारखेचे सुरक्षित मातृत्व अभियान यासाठी हाताशी आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तपासण्या आणि वाहन मोफत आहेत. जिथे सरकारी रेडिओलॉजिस्ट नाही, तिथे नोंदणीकृत खासगी केंद्रांशी करार करावा लागेल. मानोऱ्याच्या तांड्यावरून येणाऱ्या बाईला एकाच फेरीत रक्ततपासणी आणि सोनोग्राफी दोन्ही मिळायला हवे. दुसरी फेरी तिच्या रोजीवर पडते.

दुसरे काम कागदाचे. माता-बाल संरक्षण कार्डावर प्रसूतीची संभाव्य तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी आणि ती कशावरून ठरवली तेही लिहावे, म्हणजे पाळीवरून की कोणत्या आठवड्यातील सोनोग्राफीवरून. एकदा लवकरच्या सोनोग्राफीने ठरलेली तारीख नंतरच्या सोनोग्राफीवरून बदलायची नसते. नंतरचे माप कमी आले तर वय कमी झाले असे नसून वाढ खुंटली असण्याची शक्यता असते. हा फरक आरोग्यसेविकेला आणि आशाताईला प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगायला हवा.

तिसरे काम रुग्णवाहिकेचे. वेळेआधी कळा आल्या, पाणी गेले, तर बाळ जन्मल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते पोटात असतानाच नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयात आईला हलवावे. आईच्या गर्भाइतके चांगले वाहन कुठलीच यंत्रणा देऊ शकत नाही. निघण्यापूर्वी पहिले इंजेक्शन आणि त्याची वेळ चिठ्ठीवर. आणि चौथे, नव्या वैद्यकीय महाविद्यालयाने एक हिशेब मांडावा. नवजात कक्षात श्वासाच्या त्रासाने आलेल्या बाळांपैकी किती ३९ आठवड्यांआधीच्या ठरवून केलेल्या सिझेरियनची होती आणि किती मातांची लवकरची सोनोग्राफी झालेली नव्हती? या दोन आकड्यांवरून जिल्ह्याला पुढचे धोरण ठरवता येईल.

घरच्यांसाठी यातले थोडेच लक्षात ठेवण्यासारखे आहे. पाळी चुकल्याचा दिवस आणि शेवटच्या पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी करून घ्यावी आणि तो अहवाल शेवटपर्यंत जपावा. बाहेरगावी कामाला जाताना तो कार्डासोबत न्यावा. नंतरच्या अहवालात ‘थर्ड ग्रेड’ किंवा एखादे माप कमी-जास्त दिसले म्हणून घाबरू नये आणि स्वतःहून प्रसूतीची घाईही करू नये. डॉक्टरांनी धोका आहे म्हणून लवकर प्रसूती सुचवली, तर फुप्फुसांच्या नावाने ती टाळू नये. आणि आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीनंतर ‘फुप्फुसे तयार झाली का?’ असे विचारण्याऐवजी ‘आज नेमके किती आठवडे झाले आणि ते कशावरून?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर डॉक्टर देऊ शकतात. तिसऱ्या महिन्याचा तो कागद हाती असेल, तर खात्रीने देऊ शकतात.